क्लचचे पेडल खाली का बसते?

गिअर पडेनासा झाला, की गावात पहिला निकाल लागतो तो असा : "क्लचप्लेट गेली." आणि लगोलग दुसरा : "गिअरबॉक्स उतरवावी लागणार." हे दोन्ही निकाल पुष्कळदा गाडीखाली न वाकताच दिलेले असतात. गिअरबॉक्स उतरवायची म्हणजे दिवसभराची खोटी, मजुरी, वर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग यांचा खर्च. एवढे सारे करून गाडी पुन्हा जोडली आणि पेडल पुन्हा तळाला जाऊन बसले, तर? असे होते, मंडळी. आणि होते याचे कारण दोष प्लेटमध्ये नव्हताच. तो होता ड्रायव्हरच्या पायापुढच्या पत्र्यापलीकडे बसवलेल्या, मुठीत मावेल एवढ्या एका नळकांड्यात. त्याला क्लचचा मास्टर सिलिंडर म्हणतात. तो करतो काय, बिघडला हे ओळखावे कसे आणि बदलावा कसा, एवढेच आज पाहायचे आहे.

आधी एक खुलासा करतो. सगळ्याच गाड्यांना हा सिलिंडर नसतो. मोटारसायकलींत बहुधा क्लच तारेने ओढला जातो, जुन्या मारुती ८०० मध्येही तारच होती. अशा गाडीला आजचे भाषण लागू नाही. तिथे तार तपासावी. पण आपल्या खेड्यापाड्यांतून फिरणाऱ्या बोलेरो, सुमो अशा जातीच्या गाड्यांत पेडल आणि क्लच यांच्यामध्ये तार नसून ऑइल असते. तुमच्या गाडीत काय आहे हे पाहायला बॉनेट उघडा. ड्रायव्हरच्या बाजूला, मागच्या पत्र्यावर, ब्रेकच्या सिलिंडराशेजारी दुसरा लहान सिलिंडर आणि त्यातून निघालेली बारीक धातूची नळी दिसली, म्हणजे तुमचा क्लच ऑइलवर चालतो असे समजा.

आता क्लचचे काम काय? इंजिन फिरत असते, आणि त्याचे फिरणे गिअरबॉक्सला द्यायचे असते. इंजिनाच्या टोकाला जड चाक असते, त्यावर क्लचप्लेट टेकलेली असते, आणि प्रेशर प्लेट तिला दाबून धरते. भाकरी दोन तळव्यांत दाबून धरावी तशी. पेडल दाबले, की वरचा तळवा किंचित मागे सरतो आणि मधली प्लेट सुटते. किंचित म्हणजे किती? मिलिमीटर, दीड मिलिमीटर. तेवढी फट पडली की गिअर लोण्यासारखा पडतो. ती पुरती पडली नाही, तर प्लेट घासत राहते, गिअरबॉक्सच्या आतला शाफ्ट फिरत राहतो आणि गिअर टाकताना "खर्रर्र" असा आवाज येतो. पहिला आणि मागचा गिअर आधी बोंबलतात.

पायाचा जोर त्या प्लेटपर्यंत ऑइलने न्यायचा, ही युक्ती ज्या नियमावर उभी आहे तो शाळेच्या पुस्तकात आहे. ब्लेज पास्कल नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाचा (१६२३ ते १६६२) तो नियम : बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सगळीकडे सारखाच पोचतो. गुरुजींना माझी विनंती आहे, की हा नियम फळ्यावर लिहून थांबू नका. औषधाच्या दुकानातून एक बारीक आणि एक जाड अशा दोन नव्या सिरिंजा आणा, सुया बाजूला काढून टाका, आणि दोन्ही तोंडे पातळ प्लॅस्टिकच्या नळीने जोडा. आत पाणी भरा. बारीक सिरिंज एका मुलाच्या हाती द्या, जाड दुसऱ्याच्या. बारीक दाबणारा मुलगा कितीही किरकोळ असला तरी जाड सिरिंजवाल्याचा अंगठा मागे सरतो. मग नळीत थोडी हवा शिरू द्या आणि पुन्हा दाबायला सांगा. आता दाबणारा दाबत राहतो आणि पलीकडचा दट्ट्या ढिम्म हलत नाही. क्लचच्या सगळ्या दुखण्याचे मूळ या दुसऱ्या प्रयोगात आहे.

मास्टर सिलिंडर म्हणजे ती दाबायची सिरिंज, आणि गिअरबॉक्सजवळ बसवलेला स्लेव्ह सिलिंडर म्हणजे पलीकडची. थोडा हिशेब करू, म्हणजे प्रकरण किती नाजूक आहे ते कळेल. आकडे गाडीगणिक बदलतात. हे केवळ उदाहरणादाखल घ्या. मास्टरचा आतला व्यास १६ मिलिमीटर धरला, तर त्याच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे २ चौरस सेंटिमीटर होते. स्लेव्ह १९ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे २.८. पेडल ही तरफ आहे. ती पाचपट जोर देते असे माना. तुम्ही पायाने १५ किलोचा भार दिलात, की दट्ट्यावर ७५ किलो पडतात, ऑइलमध्ये दर चौरस सेंटिमीटरला ३७.५ किलो दाब होतो, आणि स्लेव्हचा दट्ट्या १०५ किलोने ढकलतो. पंधराचे एकशेपाच झाले! फुकट मात्र काही मिळत नाही. पाऊल १५० मिलिमीटर खाली जाते तेव्हा मास्टरचा दट्ट्या ३० मिलिमीटर सरतो आणि स्लेव्हचा फक्त २१. विद्यार्थ्यांकडून १५ गुणिले १५० आणि १०५ गुणिले २१ हे दोन गुणाकार करून घ्या. उत्तरे जवळजवळ सारखी येतील. जो थोडा फरक राहील तो आपण आकडे सोयीचे धरले म्हणून.

आता खरी गोम. एका दाबात मास्टरने ढकललेले ऑइल किती? २ गुणिले ३, म्हणजे ६ घन सेंटिमीटर. चहाच्या चमच्यात साधारण ५ मावतात. सगळा कारभार सव्वा चमच्याचा. त्यातले दीड घन सेंटिमीटर कुठे गळाले किंवा मागे फिरले, की स्लेव्ह २१ ऐवजी १६ मिलिमीटरच सरणार. प्लेट सुटायला समजा १८ लागतात. झाले! गिअर पडत नाही. हवेचेही तसेच. एवढ्या दाबाखाली हवा आपल्या मूळ आकाराच्या अडतिसाव्या भागाइतकी आकसते. म्हणजे नळीत दोन घन सेंटिमीटर हवा असली, तर तुमच्या पायाचे जवळजवळ तेवढेच ऑइल तिला दाबण्यात खर्ची पडले. प्लेट ठणठणीत, गिअरबॉक्स ठणठणीत, आणि गाडी मात्र दारात उभी.

मास्टरच्या आत दट्ट्यावर रबराचे दोन वॉशर असतात. पुढचा ऑइल ढकलतो, मागचा ते ड्रायव्हरच्या पायाकडे गळू देत नाही. वर्षानुवर्षांच्या घासणीने रबर झिजते, टणक होते. ब्रेक ऑइलला हवेतली ओल शोषून घ्यायची खोड आहे, आणि आपल्याकडचा पावसाळा तिला काही कमी पडू देत नाही. ऑइल वेळेवर बदलले नाही तर ती ओल नळकांड्याच्या आतल्या भिंतीला खड्डे पाडते, आणि खडबडीत भिंत नवे रबरही कापून काढते. मागचा वॉशर गेला तर ऑइल बाहेर येते. पुढचा गेला तर थेंबभरही बाहेर दिसत नाही. ऑइल आतल्या आत दट्ट्याला वळसा घालून मागे जाते. हा दुसरा प्रकार भल्याभल्या मिस्त्रींना चकवतो, कारण डबी काठोकाठ भरलेली असते.

परीक्षा करताना पहिला प्रश्न विचारा : क्लच सुटत नाही की धरत नाही? इंजिन बंद असताना सगळे गिअर सहज पडतात आणि चालू केले की अडतात, तर क्लच सुटत नाही. आजचा विषय हाच. उलट इंजिन गुरगुरते, आवाज चढतो, पण चढावर गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो, तर क्लच धरत नाही. ते बहुधा प्लेटचे दुखणे. मग गिअरबॉक्स खुशाल उतरवा.

मग पेडलची चाल पाहा. एकदा दाबून गिअर पडत नाही, पण भराभर दोनतीनदा दाबल्यावर पडतो, तर आत हवा आहे किंवा ऑइल कमी आहे. पेडल दाबून धरले असता पायाखाली हळूहळू निसटत जाते, आणि गिअरमध्ये थांबवलेली गाडी आपोआप पुढे सरकू लागते, तर दाब कुठेतरी मुरतो आहे. हे शेवटचे लक्षण क्षुल्लक मानू नका. वडापची जीप थांब्यावर उभी असते, ड्रायव्हरचा पाय क्लचवर असतो, माणसे उतरून गाडीसमोरूनच रस्ता ओलांडतात, शाळेची पोरे तर बोनेटला हात लावून जातात. तेव्हा क्लच आपोआप धरू लागला तर काय होईल हे मी सांगायला नको. असे लक्षण दिसले की त्या दिवसापासून उतारू घेणे बंद ठेवावे. आणि दुरुस्तीपर्यंतही, थांबलो की गिअर काढून हँडब्रेक ओढायचा.

आता डबीतल्या ऑइलची पातळी बघा. ब्रेकचे ऑइल अस्तर झिजेल तसे थोडे उतरते, ते रास्तच आहे. क्लचला मात्र तशी सबब नाही. उलट ज्या गाड्यांत स्लेव्ह आपणहून जुळवून घेतो, त्यांत प्लेट झिजते तशी पातळी किंचित वर चढते. तेव्हा क्लचच्या स्वतंत्र डबीतले ऑइल कमी झाले, की कुठेतरी गळते आहे हे पक्के. त्यात ऑइल ओतून पुढे जाणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणे. काही गाड्यांत ब्रेक आणि क्लच यांची डबी एकच असते. तिथे क्लचची नळी बहुधा डबीला वरच्या अंगाने जोडलेली असते, म्हणजे ऑइल उतरले तर आधी क्लच जाईल आणि ब्रेकपुरते खाली शिल्लक राहील. रचना शहाणपणाची आहे, पण अशा गाडीत क्लच अचानक गेला तर पहिली काळजी ब्रेकची करा.

गळती शोधायला बॅटरी घेऊन पेडलच्या मुळाशी डोके घाला. तिथली दांडी पत्र्यातून मास्टरमध्ये जाते. रबरी टोपीभोवती ओल असेल, खालची चटई चिकट झाली असेल, पत्र्याचा रंग फुगून सुटला असेल, तर मास्टर गळतो. ब्रेक ऑइल रंग खाते. तिथे कोरडे असेल तर नळीचे सांधे, मग गाडीखालचा स्लेव्ह आणि त्याची टोपी पाहा. खाली वाकलाच आहात तर पेडलची पिन आणि तिचे छिद्रही हलवून बघा. छिद्र लांबोळे झिजले असेल तरी गिअर अडतो, आणि तो खर्च मास्टरच्या मानाने किरकोळ.

सगळीकडे कोरडे आहे, तरी गिअर अडतो, अशा वेळी पोराच्या दप्तरातली फूटपट्टी मागून घ्या. गाडी सपाट जागी, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना पुढेमागे दगड. गाडी उचलावी लागली तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नये. मजबूत स्टँड लावावेत. एकाने वर पेडल पुरते दाबायचे आणि दाबून धरायचे. दुसऱ्याने खाली स्लेव्हची दांडी किती सरकते ते मोजायचे. दांडी आणि गिअरबॉक्सचे घर यांवर खडूची खूण केली की मोजणे सोपे जाते. दांडी पहिल्यापासूनच कमी सरकली, तर हवा, कमी ऑइल, गळती किंवा झिजलेली पिन. पुरती सरकली, पण पेडल धरलेले असतानाच अर्ध्या मिनिटात मागे येऊ लागली आणि बाहेर कुठेही ओल नाही, तर मास्टरचा पुढचा वॉशर गेला. यात फारशी शंका उरत नाही. दांडी पुरती सरकून तिथेच ठाम राहिली आणि तरीही गिअर अडला, तर ऑइलची बाजू निर्दोष. आता दोष क्लचच्या आत आहे. किती सरकायला हवी तो आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो, नाहीतर त्याच जातीच्या धडधाकट गाडीची मोजून घ्या. काही नव्या गाड्यांत स्लेव्ह गिअरबॉक्सच्या घरातच दडलेला असतो, तिथे ही परीक्षा करता येत नाही. घराच्या तळातून ऑइल ठिबकते का एवढेच पाहता येते.

दोष मास्टरचा ठरला, तर दोन वाटा आहेत. पूर्वी मिस्त्री नुसते रबराचे किट बदलत, अजूनही बदलतात. आतली भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल तर त्यात वावगे काही नाही. पण बोटाच्या नखाला खड्डा लागला, तर किटवर पैसा घालू नका, अख्खा सिलिंडर बदला. माझे मत विचाराल तर स्लेव्ह त्याच वयाचा असल्यास त्यालाही त्याच दिवशी नवा करावा. दोघांचे रबर एकाच वेळी म्हातारे झालेले असते, आणि हवा काढायचा खटाटोप दोनदा करण्यात शहाणपण नाही.

नवा सिलिंडर दुकानातच जुन्याशी ताडून घ्या : आतला व्यास, दांडीची लांबी, नळीचे आटे. व्यास थोडा जरी वेगळा असला तरी वरचा सगळा हिशेब बदलतो.

काम असे करा. डबीतले ऑइल सिरिंजने ओढून घ्या (ती सिरिंज नंतर फेकून द्यायची, गुरांच्या औषधालासुद्धा नाही वापरायची). आजूबाजूच्या रंगावर फडकी टाका. ऑइल सांडलेच तर लगेच पाण्याने धुवा. पेडलपाशी दुमडपिन काढून दांडी सोडवा. मग नळीचे नट. हे नट मऊ असते आणि साध्या पान्याने त्याचे कोपरे गोल होतात. त्यासाठी तोंडाशी फट असलेला रिंगपाना मिळतो, तोच वापरा. नळीचे तोंड स्वच्छ बुचाने बंद करा आणि पत्र्यावरची नटे काढून सिलिंडर बाहेर घ्या. नवा बसवताना एक खुबी आहे. सिलिंडर पत्र्याला घट्ट आवळण्याआधी नळीचे नट नुसत्या बोटांनी दोनतीन आटे फिरवून घ्या. सिलिंडर हलता असतो तोवर नट सरळ बसते. आधी आवळलात तर आटे तिरके धरतात आणि नवा माल पहिल्याच दिवशी वाया जातो. दुमडपिनही नवीच घाला, दहावीस रुपयांसाठी जुनी वाकवू नका.

दांडी आणि दट्ट्या यांच्यामध्ये किंचित मोकळीक ठेवायची असते, साधारण मिलिमीटरभर. म्हणजे पेडलला पाचेक मिलिमीटर रिकामी हालचाल जाणवेल. तुमच्या गाडीचा नेमका आकडा पुस्तकात असेल तो धरा. ही मोकळीक कशाला? पेडल सोडल्यावर दट्ट्या पूर्ण मागे आला, तरच डबीतून ऑइल यायचे बारीक छिद्र उघडे पडते. दांडी ताठ बसवली तर ते बंद राहते, दाब आतच कोंडतो, आणि क्लच अर्धवट सुटलेला राहून नवी प्लेट जाळतो.

ऑइल कोणते? डबीच्या झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ असे जे लिहिले असेल ते, नुकत्याच फोडलेल्या डब्यातले. इंजिनाचे किंवा गिअरचे ऑइल "तेलच ते" म्हणून ओतणारे लोक आहेत. त्याने रबर फुगून भजे होते, आणि डबी एक असेल तर ब्रेकचेही. डॉट ५ म्हणून सिलिकोनचे एक ऑइल असते, त्याची भेसळ यात चालत नाही.

हवा काढायला दोघे लागतात. स्लेव्हच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक थोडे ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. खालच्याने म्हणायचे, "दाब". वरच्याने पेडल सावकाश तळाला नेऊन उत्तर द्यायचे, "धरलं". खालच्याने निपल उघडायचे, बुडबुडे जाऊ द्यायचे, निपल आवळायचे, आणि मगच "सोड" म्हणायचे. निपल उघडे असताना पेडल वर आले, की गेली तेवढी हवा परत आत. सुरुवातीला पेडल वर येणारच नाही, ते हाताने उचलावे लागते; घाबरू नका. दर पाचसहा दाबांनंतर डबी भरा. ती एकदा जरी रिकामी झाली तरी पहिल्यापासून सुरुवात. बाटलीत उतरलेले ऑइल पुन्हा वापरायचे नाही. ते विषारी असते; सरबताच्या बाटलीत भरून कोनाड्यात ठेवू नका, विहिरीकाठी किंवा गोठ्यात ओतू नका, गॅरेजवाल्याच्या जुन्या ऑइलच्या पिंपात टाका.

बुडबुडे थांबले, पेडल वरच टणक लागले, की फूटपट्टीने दांडीची चाल पुन्हा मोजा. मग समोर कोणी नाही असे पाहून इंजिन चालू करा, पेडल दाबून चारपाच सेकंद थांबा आणि मागचा गिअर टाका. बऱ्याच गाड्यांत मागच्या गिअरला वेग जुळवून घ्यायची सोय नसते, म्हणून क्लच पुरता सुटला की नाही हे तोच सांगतो. निमूट पडला तर पेडल मिनिटभर दाबूनच ठेवा, गाडी तसूभरही हलता कामा नये. रात्री मास्टर आणि स्लेव्ह यांच्या खाली वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवा आणि डबीवर पेन्सिलीने पातळीची रेघ मारा. सकाळी कागद कोरडा आणि ऑइल रेघेवर असले, तर जीप बाजाराला काढायला हरकत नाही. आठवड्याने ती रेघ पुन्हा एकदा बघा.